प्रवाळाच्या पुडीची कुळकथा

प्रवाळ पाळणाऱ्यांच्या दुकानात एका फळीवर छोट्या डब्यांची रांग असते. आत विटकरी, पिवळसर किंवा शेवाळी रंगाची पूड. झाकण उघडले की सुकटीचा वास. डब्यावर फुललेल्या प्रवाळाचे चित्र असल्याने ही पूड कोणीतरी खास प्रवाळासाठी शोधून काढली असावी, असे वाटते. प्रत्यक्षात तिचे कुळ निघते ते जपानमधल्या कोळंबीच्या टाक्यांतून, कॅलिफोर्नियाच्या मिठागरांतून आणि द्रव पदार्थ सुकवण्याच्या एका जुन्या अमेरिकन युक्तीतून. प्रवाळाच्या घरी ती फार उशिरा पोचली, कारण प्रवाळाला खायला घालायची गरज आहे की नाही, यावरच बरीच वर्षे एकमत नव्हते.

तो वाद आधी पाहू. 1928 च्या जुलैत ब्रिटिश शास्त्रज्ञांची एक तुकडी ग्रेट बॅरियर रीफवरच्या लो आइल्स या इवल्याशा बेटांवर मुक्कामाला आली आणि वर्षभर राहिली. तुकडीचा प्रमुख मॉरिस यंग तेव्हा अवघा 28 वर्षांचा होता. प्रवाळासारख्या प्राण्यांच्या पेशींत सोनेरी-तपकिरी एकपेशीय शैवाल राहते, हे तोवर ठाऊक होते. कार्ल ब्रान्ट या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने 1881 मध्ये त्याला झूझँथेला असे नावही देऊन ठेवले होते. हा भाडेकरू घरमालकाला नेमके काय देतो, ते मात्र कळत नव्हते. यंगच्या तुकडीने काही प्रवाळ उजेड शिरणार नाही अशा पेट्यांत ठेवले. त्यांच्यातले शैवाल गेले, रंग उडाला, पण प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, मिळत होते तोवर ते जगले. उलट उजेडात ठेवून उपाशी मारलेले प्रवाळ खंगले. यंगने त्यांचे पाचकरसही तपासले. प्रथिने पचवण्याची ताकद भरपूर, पिष्ट पचवण्याची जेमतेम. त्याचा निष्कर्ष रोखठोक होता: प्रवाळ हा पक्का मांसाहारी प्राणी, आणि शैवालाचे काम त्याच्या शरीरातली घाण उचलण्याचे.

हे मत तीसेक वर्षे टिकले. मग किरणोत्सारी मूलद्रव्ये प्रयोगशाळेत आली. 1958 मध्ये लेनर्ड मस्कटीन आणि कॅडेट हँड यांनी कार्बन-14 वापरून दाखवले, की शैवालाने उजेडात बांधलेला कार्बन समुद्रफुलाच्या ऊतींत उतरतो. प्रवाळांच्या बाबतीतही हेच पुढे सिद्ध झाले. त्याच सुमारास जमैकात थॉमस आणि नोरा गोरो या दांपत्याने किरणोत्सारी कॅल्शियमच्या साहाय्याने मोजून पाहिले: उजेडात प्रवाळाचा सांगाडा अंधारातल्यापेक्षा कितीतरी वेगाने वाढतो. पारडे फिरले. प्रवाळ म्हणजे जवळजवळ वनस्पतीच, अशी समजूत पसरू लागली. 1971 मध्ये गोरो दांपत्य आणि यंग या तिघांच्या नावाने एक निबंध प्रसिद्ध झाला. थॉमस गोरो तोवर हयात नव्हता. प्रवाळ स्वतःचे अन्न स्वतः करतो की दुसऱ्याला खाऊन जगतो, हा प्रश्नच त्या निबंधाचे शीर्षक होता, आणि शैवाल बाळगूनही प्रवाळाने शिकार करण्याची हत्यारे टाकून दिलेली नाहीत, याची त्यात बारकाईने मांडणी होती.

घरी प्रवाळ पाळणाऱ्यांनी मात्र या वादातली उजेडाची बाजू उचलली, आणि त्यामागे व्यवहार होता. जकार्ताच्या ली चिन एंग याने 1961 मध्ये आपली पद्धत एका अमेरिकन मासिकात मांडली: जिवंत सागरी खडक, हवेचे बुडबुडे आणि ऊन, एवढ्यावर त्याच्या टाक्या चालत. पुढे बर्लिनच्या प्रवाळ पाळणाऱ्या मंडळींनी जिवंत खडकाला प्रखर दिवे आणि स्किमर यांची जोड दिली. स्किमर पाण्यात बारीक फेस करतो आणि त्या फेसाबरोबर सेंद्रिय कचरा वर काढून टाकतो. पाणी काचेसारखे स्वच्छ झाले आणि तोवर घरात न टिकणारे दगडी प्रवाळ टिकू लागले. पण स्किमरला कचरा आणि प्लवक यांतला फरक कळत नाही. खऱ्या प्रवाळभिंतीवर रात्री खोल पाण्यातून आणि खडकांच्या फटींतून प्राणिप्लवकांचे थवे वर येतात. बर्लिनच्या टाकीत रात्री फक्त स्वच्छ पाणी फिरत असे. अन्न घातले की नायट्रेट आणि फॉस्फेट वाढते, म्हणून घालूच नये, हा सल्ला त्या काळातला.

पुडीचा जन्म या सगळ्यापासून लांब, मत्स्यबीज केंद्रांत झाला. अंड्यातून नुकत्याच निघालेल्या माशाचे किंवा कोळंबीचे तोंड इतके लहान, की त्यात बसेल असा घास शोधणे हीच मोठी अडचण होती. सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टाइनहार्ट मत्स्यालयाच्या अॅल्विन सील याने 1933 मध्ये मिठागरांतल्या आर्टेमियाची शिफारस केली. या इवल्या कवचधारी जीवाची सुप्त अंडी कोरडी साठवता येतात. खाऱ्या पाण्यात टाकली की दिवसाभरात पिल्ले निघतात आणि ती साधारण अर्धा मिलिमीटर भरतात. आपल्याकडे 1953 मध्ये कुलकर्णी यांनी आर्टेमियाची नोंद केली तीही मुंबईतल्या वडाळ्याच्या मिठागरांतूनच. जपानमध्ये मोतोसाकु फुजिनागा याने 1934 मध्ये कुरुमा कोळंबीची अंडी टाकीत उबवून घेतली आणि पुढे तिच्या पिल्लांना डायटम शैवाल खाऊ घालण्याची रीत बसवली. तिसरा घास तर शत्रूच्या रूपात आला. ईल माशांच्या तळ्यांत रोटिफर हे सूक्ष्म प्राणी माजले की ते सगळे शैवाल फस्त करत, पाण्यातला प्राणवायू घटे आणि ईल मरत. ताकाशी इतो याने 1960 मध्ये हाच उपद्रवी जीव समुद्राच्या पाण्यात वाढवून माशांच्या पिल्लांना खायला देण्याची वाट दाखवली.

शैवाल, रोटिफर आणि आर्टेमिया या त्रिकुटावर जगभरची मत्स्यबीज केंद्रे उभी राहिली, पण जिवंत अन्न सांभाळणे म्हणजे दुसरी शेतीच. शैवालाचे पीक एका रात्रीत बसते, आणि आर्टेमियाच्या अंड्यांची आवक मिठागरांच्या आणि खारट सरोवरांच्या लहरीवर. कोरडा पर्याय हवाच होता. सॅम्युएल पर्सी याने 1872 मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्याचा पाया नकळत घालून ठेवला होता: द्रव पदार्थाचा बारीक फवारा गरम हवेत सोडायचा, थेंब उडता उडता सुकतो आणि खाली भुकटी पडते. याच रीतीने पुढे दुधाची भुकटी झाली, अंड्याची झाली आणि शैवालाचीही झाली. कणाचा आकार थेंबाच्या आकारावर ठरतो, त्यामुळे तोंडाच्या मापाचा कण पाडणे शक्य झाले. 1974 मध्ये वेल्समधल्या जोन्स, मनफर्ड आणि गॅबट यांनी आणखी एक पाऊल टाकले. पाणी गाळून खाणाऱ्या जलचरांसाठी त्यांनी अन्नाचे अतिसूक्ष्म थेंब पातळ आवरणात बंद केले, म्हणजे आतले पोषण पाण्यात विरघळण्याआधी पोटात जावे.

मत्स्यबीज केंद्रातली पूड आणि घरची प्रवाळाची टाकी यांची गाठ पडली ती विज्ञान पुन्हा यंगच्या दिशेने सरकले तेव्हा. 1995 मध्ये कातारिना फाब्रिशियस आणि सहकाऱ्यांनी तांबड्या समुद्रातले शैवाल नसलेले डेंड्रोनेफ्थिया हे मऊ प्रवाळ वनस्पतिप्लवक खाऊन जगतात, हे दाखवले. मोनॅकोत क्रिस्तीन फेरिए-पाजेस यांच्या गटाने स्टायलोफोरा या प्रवाळाला प्राणिप्लवक खाऊ घालून ऊती आणि सांगाडा दोन्ही जोमाने वाढताना मोजले. 2006 मध्ये अँड्रिया ग्रोटोली यांच्या हवाईतल्या प्रयोगात उष्णतेने शैवाल गमावलेल्या माँटिपोरा कॅपिटाटाने खाणे इतके वाढवले, की रोजच्या ऊर्जेच्या गरजेतला शिकारीचा वाटा 20 टक्क्यांच्या आतून 100 टक्क्यांच्या वर गेला. शेजारच्या पोराइटिस जातींना ते जमले नाही. चित्र आता स्पष्ट झाले: शैवाल साखर आणि स्निग्ध पदार्थ भरपूर पुरवते, पण नवी ऊती बांधायला लागणारा नायट्रोजन आणि फॉस्फरस प्रवाळाला बराचसा शिकारीतून कमवावा लागतो. म्हणून डबे आले, आणि ते भरायला माल मत्स्यबीज केंद्रांत तयारच होता.

हे कूळ ठाऊक असले की डबा निवडणे सोपे होते, कारण विचारायचे प्रश्न मत्स्यबीज केंद्राचेच आहेत. पहिला प्रश्न तोंडाचा. नॅनोक्लोरोप्सिस हे शैवाल 2 ते 4 मायक्रॉनचे, रोटिफर 100 ते 300 मायक्रॉनच्या आसपास, आर्टेमियाचे पिल्लू 400 ते 500. अॅक्रोपोरा या दगडी प्रवाळाचे पॉलिप, म्हणजे वसाहतीतला एकेक तोंडवाला जीव, मिलिमीटरभर. त्याला 50 ते 200 मायक्रॉनची पूड मानवते. गोनिओपोरा आणि झोअँथिड हेही पुडीचे गिऱ्हाईक. युफिलिया किंवा लोबोफिलियासारखे मोठ्या तोंडाचे प्रवाळ आणि शैवालाविना जगणारा ट्यूबास्ट्रिया यांना मायसिस कोळंबीसारखा भरदार घास हवा; पुडीच्या वासाने ते स्पर्शके बाहेर काढतात, पोट मात्र भरत नाही. डेंड्रोनेफ्थियाला याच्या उलट अगदी बारीक आणि जवळजवळ अखंड खाणे लागते, आणि म्हणूनच तो घरगुती टाकीत सहसा वाचत नाही.

दुसरा प्रश्न कण पाण्यात कसा वागतो याचा. 200 मायक्रॉनचा कण 50 मायक्रॉनच्या तशाच कणापेक्षा सुमारे सोळा पट वेगाने बुडतो. बारीक कण जास्त वेळ तरंगतो, पण त्याचे पृष्ठफळ वजनाच्या मानाने चौपट असल्याने त्यातली अमिनो आम्ले आणि जीवनसत्त्वे तितक्याच घाईने पाण्यात निसटतात. एकाच डब्यात सगळ्या आकारांचे कण घातलेली पूड म्हणून सगळ्यांना थोडी-थोडी पुरते आणि उरलेली टाकी घाण करते. तिसरा प्रश्न घटकांचा, आणि इथे यंगचे पाचकरस कामी येतात. यादीत आधी कोपेपॉड, क्रिल, रोटिफर किंवा माशांची पूड असावी. गव्हाचे किंवा सोयाचे पीठ वरच्या क्रमांकावर असेल तर आपण प्रवाळापेक्षा खडकावरच्या जिवाणूंना जेवू घालत आहोत, असे समजावे.

चौथा प्रश्न उरलेल्याचा. समजा पुडीत 1 टक्का फॉस्फरस आहे. एक ग्रॅम पुडीतून 10 मिलिग्रॅम फॉस्फरस, म्हणजे सुमारे 30 मिलिग्रॅम फॉस्फेट पाण्यात येऊ शकते. 200 लिटरच्या टाकीत हे लिटरमागे 0.15 मिलिग्रॅम झाले, आणि प्रवाळ पाळणारे बरेच जण 0.1 च्या आत राहायला धडपडतात. म्हणून चमचा बाजूला ठेवून चिमटीने मोजावे. टाकीचेच पाणी कपात घेऊन पूड भिजवावी. कोरडी भुरभुरवली तर ती पृष्ठभागावर तरंगून थेट ओव्हरफ्लोत जाते. स्किमर आणि पाणी टाकीत परत आणणारा रिटर्न पंप पंधरा-वीस मिनिटे बंद करावेत, प्रवाह मंद ठेवावा आणि पिपेटने पॉलिपांवर हळूच सोडावे. दिवे मालवल्यावर पॉलिप बाहेर येतात तीच वेळ बरी. आठवड्यातून दोनदा देऊन फॉस्फेट तपासावे आणि मग वाढवावे. डबा लहानच घ्यावा, फ्रीजमध्ये ठेवावा. सागरी तेल लवकर खवट होते, आणि खवट पूड स्वस्त पडली तरी महाग असते.

महाराष्ट्रात राहणाऱ्याला यात एक मर्यादा आहे. 2001 मध्ये दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत गेले, त्यामुळे मालवणच्या किनाऱ्यावरचे किंवा आंग्रिया बँकेवरचे प्रवाळ घरी आणणे गुन्हा ठरतो. पुडीचे मूळ घर मात्र आपल्याकडेही नांदते आहे: आंध्र आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या कोळंबी हॅचऱ्यांत कणांच्या आकाराप्रमाणे वेगवेगळ्या पिशव्यांत तिचेच भाऊबंद रोज मोजून टाकले जातात. तिथला कामगार पिशवीवरचा मायक्रॉनचा आकडा आधी वाचतो, कारण चुकीच्या आकाराने एका रात्रीत लाखो पिल्ले दगावू शकतात. घरगुती टाकीत चूक इतक्या पटकन दिसत नाही, एवढाच फरक. तेव्हा परदेशात स्थायिक झालेल्या आणि रीतसर परवानगीने प्रवाळ पाळणाऱ्या आपल्या मंडळींनीही तोच शिरस्ता धरावा: ज्या डब्यावर कणाचा आकार आणि घटकांचा क्रम छापलेला नाही, तो चित्र कितीही देखणे असले तरी फळीवर परत ठेवावा.