दिनविशेष : १२ जानेवारी
काशीचे पराडकर

१२ जानेवारी म्हटले की आपल्याला राजमाता जिजाऊ आणि स्वामी विवेकानंद यांची जयंती आठवते. त्या गर्दीत बाबूराव विष्णू पराडकर मागे पडतात. १९५५ साली याच दिवशी वाराणसीत त्यांचे निधन झाले. काशीत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबात १८८३ मध्ये जन्मलेले पराडकर हिंदी पत्रकारितेचे शिल्पकार मानले जातात. ‘देशेर कथा’ लिहून बंगाल पेटवणारे सखाराम गणेश देऊस्कर हे त्यांचे आप्त. पराडकरांनी ते पुस्तक हिंदीत नेले. क्रांतिकारकांशी असलेल्या संबंधांमुळे त्यांना स्थानबद्धता भोगावी लागली. सुटकेनंतर, १९२० मध्ये शिवप्रसाद गुप्त यांनी काशीत सुरू केलेल्या ‘आज’ या दैनिकाचा त्यांनी पाया घातला. सविनय कायदेभंगाच्या काळात सरकारने वृत्तपत्रांचा गळा आवळला, तेव्हा ‘रणभेरी’ हे गुप्त पत्रक काशीत लपूनछपून निघे. त्यामागेही पराडकर होते. शहरातील पत्रकार भवनाला आज त्यांचे नाव आहे. महाराष्ट्रात मात्र ते नाव किती जणांना ठाऊक असेल, शंकाच आहे.

जानेवारीने काशीची आणखीही माणसे नेली. ‘अंधेर नगरी’चे नाटककार भारतेंदू हरिश्चंद्र ६ जानेवारी १८८५ रोजी गेले, अवघ्या चौतिसाव्या वर्षी. काशी विद्यापीठाची ‘शास्त्री’ पदवी कायम नावापुढे लावणारे पंतप्रधान लालबहादूर ११ जानेवारी १९६६ रोजी ताश्कंदमध्ये निवर्तले. पाकिस्तानशी झालेल्या करारावर त्यांनी आदल्याच दिवशी सही केली होती.