मस्कती खारकेचा भाव
१. ओमानातील बिदिया विलायतीत मब्सली जातीचा खजूर पूर्ण पिकण्यापूर्वीच उतरवून, तांब्याच्या मोठ्या कढयांत उकळून व उन्हात वाळवून सिद्ध होणारा हा जिन्नस पूर्वी शिडाच्या गलबतांतून मुंबई बंदरी येई. हंगाम ज्येष्ठ-आषाढाचा, परंतु त्याच सुमारास नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांनी दर्या बंद होत असल्याने नवा माल येईतो वखारीतील शिल्लक आटत जाऊन भाव चढे आणि आवक सुरू होताच उतरे. लग्नसराईत ओटीला खारीक हवीच, तेव्हा गिऱ्हाईक दरासाठी फारसे अडून बसत नसे. त्यातच पीक बेताचे असल्यास तेजीला पारावार राहत नसे. ग्रंथकारांनी याचा सारा ठपका अडत्यांवर ठेवला आहे, तो अंशतःच ग्राह्य. कारण भर आषाढात गलबत आणणे कोणत्याही पेढीच्या अखत्यारीत नव्हते. — संपादक