सुया जुन्या, आजार नवा : ॲक्युपंक्चर आणि स्मृतिभ्रंश

मागच्या महिन्यात एक ताई आईला घेऊन दवाखान्यात आल्या. आईंचं वय 78, अल्झायमर्सचं निदान होऊन दोन वर्षं झालेली. ताईंनी हळूच विचारलं, "डॉक्टर, ॲक्युपंक्चर सुरू करू का? चीनमध्ये या आजारावर दोन हजार वर्षांपासून करतात म्हणे."

हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो, म्हणून आज थोडा इतिहास.

सुया दोन हजार वर्षं जुन्या आहेत, हे खरं. 'हुआंगदी नेइजिंग' या प्राचीन चिनी वैद्यकग्रंथात सुया कुठे आणि कशा टोचायच्या याची सविस्तर चर्चा आहे. पुढे 1027 च्या सुमारास वांग वेइयी या राजवैद्याने माणसाच्या उंचीचे ब्राँझचे पुतळे बनवून घेतले. प्रत्येक बिंदूपाशी एक बारीक छिद्र. परीक्षेच्या वेळी पुतळ्यावर मेणाचा थर देत आणि आत पाणी भरत. विद्यार्थ्याची सुई बरोबर जागी गेली तर पाणी बाहेर येई, नाहीतर नापास! आमची एमबीबीएसची तोंडी परीक्षा यापुढे सोपीच म्हणायची.

मग स्मृतिभ्रंशाचं काय? विसराळूपणासाठी सुई टोचण्याचे उल्लेख जुन्या ग्रंथांत सापडतात. पण त्या वैद्यांच्या मते स्मरणशक्तीचा संबंध मुख्यतः हृदयाशी आणि मूत्रपिंडाशी होता, मेंदूशी नाही. चिंतेने विसरणारा तरुण आणि स्वतःचं घर न ओळखणारी आजी यांत त्यांनी आपल्यासारखा फरक केलेला नव्हता.

या गोष्टीतला मला सर्वांत आवडणारा माणूस म्हणजे वांग छिंगरन. साथीत दगावलेल्या मुलांचे उघड्यावर पडलेले मृतदेह पाहून त्याने शरीररचना अभ्यासली आणि 1830 मध्ये जुन्या वैद्यकातल्या चुका दाखवणारं पुस्तक लिहिलं. त्यात त्याने म्हटलं की स्मरणशक्ती मेंदूत असते, आणि म्हाताऱ्या माणसांना आठवत नाही कारण त्यांचा मेंदू हळूहळू रिकामा होतो. आज एमआरआयमध्ये आकसलेला मेंदू दाखवताना मला त्याची आठवण होते. गंमत अशी, की वांगचा भर सुयांवर नव्हता, काढ्यांवर होता. आणि त्याच्या पुस्तकाच्या आठच वर्षं आधी, 1822 मध्ये, चीनच्या बादशहाने राजवैद्यकसंस्थेतून ॲक्युपंक्चर बंद करून टाकलं होतं.

अल्झायमर्स तर आणखी अलीकडचा. डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी ऑगस्टे डेटर या रुग्णाची माहिती 1906 मध्ये जर्मनीत मांडली. पहिल्यांदा तपासलं तेव्हा ती अवघी 51 वर्षांची होती. त्यामुळे हा पन्नाशी-साठीतला दुर्मिळ आजार, असाच समज कित्येक दशकं राहिला. म्हाताऱ्यांचं 'चळ लागणं' बऱ्याचदा हाच आजार असतो, हे 1970 नंतर नीट मान्य झालं. म्हणजे या आजारासाठी सुया टोचणं हा दोन हजार नव्हे, जेमतेम काही दशकांचा प्रयोग आहे.

ती दशकंही ॲक्युपंक्चरच्या पुनरुज्जीवनाची. माओच्या राजवटीत त्याला सरकारी बळ मिळालं. 1970 च्या सुमारास डोक्याच्या त्वचेत सुया लावण्याची पद्धत पक्षाघातासाठी पुढे आली, मग स्मृतिभ्रंशासाठीही वापरली गेली. आपल्याकडे ही विद्या येण्यात सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांच्या पथकाचा धागा आहे. 1938 मध्ये चीनला गेलेल्या पाच डॉक्टरांपैकी कोटणीस 1942 मध्ये तिथेच वारले. त्यांचे सहकारी डॉ. बिजॉय बसू पुढे पुन्हा चीनला जाऊन ॲक्युपंक्चर शिकले आणि कोलकात्यात ते सुरू केलं.

आता पुरावा. 2007 मध्ये कॉक्रेन संस्थेच्या अभ्यासकांनी रक्तवाहिन्यांच्या आजारामुळे होणाऱ्या स्मृतिभ्रंशावरचे प्रयोग तपासले, तर त्यांच्या निकषांवर एकही उतरला नाही. नंतर बरेच प्रयोग झाले. काहींत गोळ्यांच्या जोडीला सुया दिल्यावर चाचणीतले गुण थोडे वाढलेले दिसतात. पण बहुतेक प्रयोग लहान, आणि कोणाला काय उपचार चाललाय हे सर्वांना ठाऊक. खोटी गोळी देणं सोपं, खोटी सुई कशी देणार? टोचल्यासारखी वाटणारी पण आत न जाणारी सुई 1998 मध्ये जर्मनीत तयार झाली. तरी अडचण पुरती सुटलेली नाही. आजार थांबतो किंवा मागे फिरतो, असं कोणी सांगितलं तर मी विश्वास ठेवणार नाही.

ताईंना मी नाही म्हटलं नाही. आईंचे गुडघे दुखतात, आणि अशा रुग्णांना दुखणं सांगता येत नाही; ते चिडचिडीतून बाहेर येतं. गुडघ्यासाठी सुयांचा थोडा उपयोग होऊ शकतो. अटी घातल्या : चालू गोळ्या बंद करायच्या नाहीत, रक्त पातळ करणारी गोळी असल्याचं तिथे आधी सांगायचं, सुया एकदाच वापरून फेकायच्या, आणि सुया लावलेल्या असताना आईंजवळून हलायचं नाही. आईंनी हात झटकला तर त्या दिवशी तिथेच थांबायचं. बी-12 आणि थायरॉइडची तपासणी राहिली होती, ती आधी करून घेतली.

महिनाभर करून पाहायचं ठरलं आहे. रात्रीची डोनेपेझिलची गोळी चालूच आहे.