भुयार की नळ? : पुण्याच्या पेठांतील एका आख्यायिकेचे पायी केलेले वाचन

प्रास्ताविक

इतिहासाचे अध्ययन व अध्यापन आपल्याकडे प्रामुख्याने वर्गाच्या चार भिंतींत आणि छापील साधनांच्या आधारे चालते. साधनांची चिकित्सा कशी करावी हे विद्यार्थी पाठ करतात. परंतु ज्या गल्लीतून ते रोज महाविद्यालयात येतात त्या गल्लीचे नाव काय व का, असे विचारले असता बहुतांशी निरुत्तर होतात. प्रस्तुत लेखकाचाही अनुभव याहून फार वेगळा नव्हता. एम.फिल.च्या प्रबंधासाठी पेशवेकालीन कागदपत्रांचे खंड चाळण्यात दोन वर्षे गेली. त्या काळात शनिवारवाड्यावरून शेकडो वेळा जाणे झाले, पण वाड्यातील कारंज्याला पाणी कोठून येत असे हा प्रश्न एकदाही मनात आला नाही. तो प्रश्न पुढे एका विद्यार्थ्याने विचारला, आणि तोही पायी फिरताना. सदर निबंधाचा उगम त्या प्रश्नात आहे.

पायी फिरून इतिहास वाचण्याची परंपरा आपल्याकडे नवी नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी महाराष्ट्रभर वणवण करून दप्तरे मिळविली आणि त्याच निरीक्षणातून स्थलनामांचाही विचार केला. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी पुण्याच्या आसपासच्या टेकड्या, जुन्या वाटा व त्यांवरील शेंदूर फासलेले दगड पायी हिंडून पाहिले. १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मिथ अँड रिअॅलिटी’ या त्यांच्या ग्रंथाची मांडणी अशा भटकंतीवर उभी आहे. आमचे फिरणे अर्थातच याच्या पासंगालाही पुरणारे नव्हते. पदवीच्या दुसऱ्या वर्षाचे काही विद्यार्थी, एक नोंदवही आणि रविवारच्या सकाळी एवढीच आमची सामग्री होती.

नावांचा पुरावा आणि त्याची मर्यादा

कसब्यातून निघावे आणि पेठापेठांतून दक्षिणेकडे चालत जावे असा क्रम आम्ही ठरविला. तांबट आळीत अजूनही तांब्या-पितळेवर पडणाऱ्या ठोक्यांचा आवाज येतो. तेथे नाव आणि वस्तुस्थिती यांचा मेळ बसतो. कुंभारवेशीला मात्र वेस नाही. बुधवार पेठेच्या नावामागे तर एक संपूर्ण राजवट दडलेली आहे. औरंगजेबाने १७०३ मध्ये वसविलेल्या या वस्तीचे मूळ नाव मुहियाबाद. शनिवार पेठ ही मुर्तजाबाद, सोमवार ही शहापूर, रविवार ही मलकापूर आणि गुरुवार ही वेताळ पेठ. वारांची नावे पुढे आली व जुनी नावे लोकांच्या जिभेवरून पार पुसली गेली. उलट अप्पा बळवंत मेहेंदळे यांचा वाडा जाऊनही चौकाला त्यांचे नाव राहिले. आजचा विद्यार्थी पुस्तके घ्यायला ‘एबीसी’त जातो, आणि या तीन अक्षरांत कोणी पेशवाईतील सरदार आहे हे त्याच्या गावीही नसते.

देवळांच्या नावांत विद्यार्थी सर्वाधिक रमले, आणि ते साहजिकच होते. जिलब्या मारुती, पासोड्या विठोबा, भिकारदास मारुती, डुल्या मारुती, गुपचूप गणपती : देवाला व्यवसायावरून, सावकारावरून वा स्वभावावरून नाव देण्याची ही पुणेरी रीत केवळ विनोदी नाही. देवळापुढे पासोड्यांचा बाजार भरे म्हणून पासोड्या विठोबा, ही उपपत्ती मान्य केली तर ते नाव एका लुप्त बाजाराचा उल्लेख ठरते. सामान्य माणसाच्या अंगावरील जाड्याभरड्या पांघरुणाची अशी नोंद राजकीय इतिहासात सापडणे कठीणच.

तथापि नाव हा पुरावा बेभरवशाचा आहे, हे खुन्या मुरलीधराने आम्हांस शिकविले. सदाशिव पेठेतील या देवळाचे नाव अठराव्या शतकाच्या अखेरीस, मूर्तीच्या प्रतिष्ठापनेच्या वेळी झालेल्या रक्तपाताशी जोडले जाते. पुढे फेब्रुवारी १८९९ मध्ये चापेकर प्रकरणातील द्रविड बंधूंची हत्या याच परिसरात झाली. आज तेथे उभे राहून विचारले तर पुष्कळ जण ही दुसरी घटनाच नावाचे कारण म्हणून सांगतात. जुन्या नावावर नवी, अधिक प्रसिद्ध घटना येऊन बसते आणि आधीची खाली दबते. ही गोष्ट ध्यानी ठेवावी, कारण पुढील विवेचन तिच्यावरच अवलंबून आहे.

सर्वत्र सांगितले जाणारे भुयार

नोंदवही चाळताना एक विलक्षण गोष्ट लक्षात आली. निरनिराळ्या पेठांत, एकमेकांस अपरिचित अशा लोकांनी विद्यार्थ्यांना एकच कथा सांगितली होती. ‘आमच्या वाड्याखालून भुयार होते. ते थेट शनिवारवाड्याला निघत असे.’ कोणी दुसरे टोक पर्वतीला नेले. कोणी त्यातून घोडेस्वार जात असल्याचे सांगितले. कोणाच्या आजोबांनी कंदील घेऊन आत काही पावले टाकली होती व वारा लागून कंदील विझला होता. इतिहासाचे अध्यापक अशा कथा हसून सोडून देतात, आणि प्रथम आम्हीही तेच केले. पेशव्यांना घोड्यावरून गुप्तपणे पर्वतीस जाण्याचे प्रयोजन तरी काय?

त्यानंतर मघाशी उल्लेखिलेला विद्यार्थ्याचा प्रश्न आला. शनिवारवाड्यात हजारी कारंज्याच्या कोरड्या कमलदलांपुढे आम्ही उभे होतो. या वाड्याची पायाभरणी १० जानेवारी १७३० ची, वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ ची आणि त्याचा बराचसा भाग बेचिराख करणारी आग २७ फेब्रुवारी १८२८ ची. या तारखा विद्यार्थ्यांना तोंडपाठ होत्या. नारायणराव पेशव्यांच्या वधाची कथा तर सर्वांना ठाऊक होती. ‘पण सर, नदीचे पात्र खाली आणि वाडा वर. मग कारंजे उडायचे कशाने?’ हा तो प्रश्न.

त्याचे उत्तर कात्रजला आहे. नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत, इ.स. १७५० च्या सुमारास, शहराच्या दक्षिणेस सुमारे आठ किलोमीटरवर कात्रज येथे बंधारा घालून तलाव करण्यात आला आणि तेथील पाणी जमिनीखालून बांधलेल्या बंदिस्त नळाने शहरात आणले गेले. तलाव उंचावर व शहर सखल, त्यामुळे पाणी केवळ उताराने वाहत येई. मोट नाही, रहाट नाही. हा नळ काही भागांत इतका प्रशस्त आहे की साफसफाईसाठी माणूस आत उतरू शकेल. बंदिस्त नळात हवा कोंडते व गाळ साचतो. म्हणून वाटेत ठिकठिकाणी उभे बांधीव झरोके ठेवले गेले. पुणेकरांनी त्यांना ‘उच्छ्वास’ असे समर्पक नाव दिले. जमिनीखाली वाहणारे पाणी येथे श्वास टाकते अशी ती कल्पना.

आता भुयाराची कथा पुन्हा वाचावी. जमिनीखालील चिरेबंदी मार्ग, माणूस आत शिरेल इतका. एक टोक शनिवारवाड्यास, दुसरे दक्षिणेकडे, जिकडे पर्वती आहे. आणि आतून येणारा वारा. यातील प्रत्येक तपशील नळाला लागू पडतो. घोडेस्वार तेवढा लागू पडत नाही, आणि तोच बहुधा मागाहून आला असावा. प्रस्तुत लेखकाचे अनुमान असे की, पेठांतील भुयाराच्या आख्यायिकेचा एक मोठा भाग ही पाणीपुरवठ्याची विपर्यस्त झालेली स्मृती आहे. नळ कशासाठी होता याचा विसर पडला, त्याचा आकार तेवढा ध्यानात राहिला, आणि त्या रिकाम्या आकारात लोकांनी राजा, घोडा व गुपित भरले. खुन्या मुरलीधराच्या बाबतीत जे नावाचे झाले तेच येथे वास्तूचे झाले.

हे अनुमान सरसकट लावता येणार नाही, हेही नमूद केले पाहिजे. वाड्यांना तळघरे होती, धान्याची पेवे होती, बळदे होती. त्यांतील एखाद्या तळघरालाही भुयार म्हटले गेले असेल. मात्र २०१९ साली स्वारगेट येथे मेट्रोचे खोदकाम चालू असताना जमिनीखाली जुना बांधीव बोगदा लागला, तेव्हा शहरात प्रथम उठलेली चर्चा गुप्त मार्गाचीच होती. तो जुन्या पाणीपुरवठ्याचा भाग असावा हे मत जाणकारांना मांडावे लागले. आख्यायिका आपल्या डोळ्यांदेखत कशी घडते याचे यापेक्षा ताजे उदाहरण शोधण्याचे कारण नाही.

हौद कोणाचे?

नळाचे पाणी पेठांतील हौदांत पडे. काळा हौद, बदामी हौद, नाना हौद, फडके हौद, सदाशिव पेठ हौद ही नावे पत्त्यांतून वा चौकांच्या पाट्यांवरून अद्याप ऐकू येतात. हौद स्वतः बुजले, झाकले गेले किंवा रस्त्याखाली गेले. अप्पा बळवंताचा वाडा गेला व नाव राहिले, त्यातलाच हा प्रकार.

परंतु येथे पायी फिरण्याची एक मर्यादा उघड झाली, आणि ती सांगणे निबंधाच्या प्रामाणिकपणासाठी आवश्यक वाटते. हौदांची नावे आम्ही कौतुकाने टिपत होतो. एका विद्यार्थिनीने विचारले, ‘या हौदावर आम्हांला पाणी भरू दिले असते का?’ वर्गात क्षणभर शांतता पसरली. नळ उताराने वाहतो, त्याला जात ठाऊक नसते. हौदाच्या काठाला मात्र ती पक्की ठाऊक होती. पाणी कोणी शेंदावे, कोणाच्या घागरीत वरून ओतावे, पखालीतील पाणी कोणाला चालावे व कोणाला चालू नये, यांचे कडक नियम होते. या नियमांची नोंद चौकाच्या पाटीवर सापडत नाही. म्हणून आमची पुढील फेरी आम्ही गंज पेठेत, आजच्या महात्मा फुले पेठेत नेली. महात्मा जोतीराव फुले यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी खुला केला. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ चा. म्हणजे तो त्यानंतर जवळजवळ साठ वर्षांनी झाला. फुले यांच्या कृतीचे वर्णन पाठ्यपुस्तकात एका ओळीत येते. परंतु पेठांतील सगळे हौद पायाखाली घालून मग त्या अंगणात उभे राहिले, की त्या एका ओळीचे वजन कळते. ज्या शहराने पाण्यासाठी आठ किलोमीटर नळ बांधला, त्याच शहरात घोटभर पाण्यासाठी एका माणसाला आपले दार उघडावे लागले होते.

येथे थोडे विषयांतर क्षम्य ठरावे. परतताना आम्ही मंडईत थांबलो. १८८० च्या दशकात ही इमारत ‘रे मार्केट’ म्हणून उभी राहिली. नगरपालिकेचे सदस्य या नात्याने फुले यांनी तिच्यावरील खर्चाला विरोध केला होता, आणि आज तिला त्यांचेच नाव आहे. नामांतराचा पुढाकार आचार्य अत्रे यांचा. नावाचा पुरावा बेभरवशाचा असतो असे वर म्हटले आहे. येथे तर नावावरून निष्कर्ष काढणारा संशोधक नेमका उलट्या दिशेला जाईल.

विस्मरण व पुनःप्रत्यय

१८७० च्या दशकात खडकवासल्याचे धरण बांधले गेले आणि क्रमाने शहरात लोखंडी नळांचे पाणी आले. हौदांवरची वर्दळ ओसरली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जुन्या वाड्यांतून रुंद रस्ते काढले गेले, तेव्हा काही हौदही गेले असावेत. पाणी घरात आले की त्याचा मार्ग दिसेनासा होतो, आणि न दिसणाऱ्या गोष्टीचा इतिहास कोणी विचारीत नाही.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याची भिंतही गेली. नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या, हे सर्वश्रुत आहे. त्यानंतरच्या दिवसांतील दुसरी आपत्ती मात्र कमी सांगितली जाते. पूर ओसरल्यावर शहराला प्यायला पाणी नव्हते, कारण पाणी देणारे धरणच उरले नव्हते. जुनी माणसे सांगतात की तेव्हा पेठांतील विहिरी व कात्रजच्या नळाचे हौद पुन्हा उघडले गेले आणि दोनशे वर्षांपूर्वीच्या बांधकामाने शहराची तहान भागविली. ही माहिती आम्हांस जवळजवळ पूर्णतः स्त्रियांकडून मिळाली. रांगेत त्या उभ्या होत्या. भुयाराची कथा सांगणारे बहुसंख्य पुरुष होते, ही गोष्ट नोंदवही पुन्हा तपासताना ध्यानात आली. कळशी ज्यांच्या कमरेवर होती त्यांना तो नळच होता.

शेवटच्या फेरीत सदाशिव पेठेतील एका जुन्या वाड्यात जाण्याचा योग आला. तेथे राहणाऱ्या ऐंशी वर्षांच्या आजींनी अंगणातील दुचाकी बाजूला घ्यावयास सांगितल्या आणि खालचे लोखंडी झाकण दाखविले. लहानपणी त्या झाकणाजवळ जायची त्यांना बंदी होती; आत भुयार आहे, असे वडील सांगत. पुढे पुराच्या साली त्याच झाकणातून त्यांनी स्वतः पाणी शेंदले. विद्यार्थ्यांनी दोघांनी मिळून झाकण उचलले. आत घडीव दगडांचा हौद होता आणि तळाशी अजूनही पाणी होते. ते कात्रजचे की पावसाचे, हे वरून सांगणे शक्य नव्हते. दोरी सोडून खोली मोजली, भिंतीतील नळाच्या तोंडाची दिशा होकायंत्राने पाहिली. ती दक्षिणेकडे होती. वाडा पुनर्विकासासाठी देण्याचा करार झालेला आहे. पावसाळ्यापूर्वी जागा रिकामी करावयाची असल्याने हौदाचे आरेखन काढण्याकरिता आम्ही पुढच्याच रविवारी पुन्हा तेथे जाणार आहोत.