चुन्याखाली राहिलेलं चर्च

दक्षिण वेल्समध्ये पोंटारडुलैस गावाजवळ, लूखर नदीच्या दलदलीच्या काठी, सेंट टायलो या संताच्या नावाचं एक छोटं मध्ययुगीन चर्च होतं. वस्ती दूर सरकली, नवं चर्च झालं आणि १९७०च्या दशकात जुनं ओस पडलं. अखेर कार्डिफजवळच्या सेंट फॅगन्स संग्रहालयाने ते दगड न् दगड उतरवून आपल्या आवारात हलवायचं ठरवलं. १९८४-८५मध्ये काम सुरू झालं आणि भिंतींवरच्या चुन्याच्या थरांखालून चित्रं डोकावू लागली! लहान येशूला खांद्यावर घेऊन नदी ओलांडणारा संत क्रिस्टोफर, येशूची विटंबना करणारे लोक. रंग साधेच, गेरू, पिवळी माती, काजळी, चुना. वाचता न येणाऱ्या शेतकऱ्याची ही पोथीच होती.

ती झाकली कुणी? चित्रं आणि मूर्ती यांचा विषय निघाला की बोट कुणाकडे वळतं, हे आपल्याला सवयीने ठाऊक आहे. इथे मात्र ख्रिस्ती राजाच्या हुकुमाने ख्रिस्ती लोकांनीच आपल्या चर्चच्या भिंती पांढऱ्या केल्या. १५४७मध्ये नऊ वर्षांचा सहावा एडवर्ड गादीवर आला आणि प्रोटेस्टंट सल्लागारांनी देशभरातली धार्मिक चित्रं हटवण्याचे आदेश काढले. दोन वर्षांनी लॅटिन प्रार्थना गेली, इंग्रजी आली. वेल्श शेतकऱ्याला दोन्ही परक्याच! चित्रंही गेली, म्हणजे त्याला कळणारं उरलं काय? बायबलचा नवा करार वेल्शमध्ये यायला १५६७ उजाडलं, संपूर्ण बायबल यायला १५८८.

गंमत अशी की ज्या चुन्याने चित्रं मिटवायची होती, त्यानेच ती जपली. इस्तंबूलच्या आया सोफियातही असंच घडलं; उस्मानी काळात गिलाव्याखाली गेलेली मोझाइक चित्रं १९३१पासून पुन्हा उजेडात आणली गेली.

सेंट टायलोची मूळ चित्रं तज्ज्ञांनी भिंतीवरून सोडवून जतन केली. चर्च २००७मध्ये खुलं झालं, तेव्हाचे कँटरबरीचे आर्चबिशप रोवन विल्यम्स, स्वतः वेल्श, यांच्या हस्ते. आत मात्र १५३०च्या सुमारास ते जसं दिसत असेल तसं, जुन्या पद्धतीचे रंग वापरून नव्याने रंगवलेलं आहे. मला हे अर्धंच पटतं. भिंतीवरच्या नंतरच्या थरांत वेल्श अक्षरांचे तुकडेही सापडले होते. १५३० निवडलं की ती अक्षरं भिंतीवर परतत नाहीत. आणि लोकांच्या स्वतःच्या भाषेतली तीच तर होती.