कर्करोगाची मोजदाद

भेस्तानच्या आमच्या वस्तीत कोणाच्या घरी कर्करोगाची बातमी आली, म्हणजे वडीलधाऱ्या माणसांच्या तोंडून एक वाक्य हमखास निघते : "आमच्या वेळी हा रोग नव्हता." त्याला जोडूनच दुसरे येते : "हवा बिघडली, पाणी बिघडले, गिरण्यांनी सारे नासवले." यांतले पहिले वाक्य इतिहासाविषयी आहे, दुसरे कारणांविषयी. पुष्कळ माणसे ही दोन्ही विधाने एका श्वासात करतात. परंतु त्यांचा खरेखोटेपणा निरनिराळा तपासावा लागतो. तो तपास ज्यांनी चिकाटीने केला त्यांत आपल्या मराठी मुलखाचा वाटा मोठा आहे, आणि त्याचीच हकीकत आज सांगावयाची आहे.

रोग नवा नाही, हे तर उघडच आहे. सुश्रुताने 'अर्बुद' या नावाखाली न पिकणाऱ्या, खोल रुजणाऱ्या गाठींचे वर्णन केले आहे. ग्रीक वैद्यांना अशा गाठीभोवतीच्या फुगलेल्या शिरा पाहून खेकड्याची आठवण झाली, आणि आपला 'कर्क' हा शब्दही त्याच खेकड्याचा. तथापि विसाव्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थानात काम करणाऱ्या अनेक युरोपीय डॉक्टरांची अशी समजूत होती की, हा सुधारलेल्या देशांचा रोग आहे, येथील साध्या राहणीच्या लोकांना तो क्वचितच होतो. या समजुतीला पहिला मोठा धक्का विश्वनाथ व ग्रेवाल या दोन संशोधकांनी दिला. १९३५ ते १९३९ या काळात त्यांनी देशभरच्या रुग्णालयांतील नोंदी व शवविच्छेदनाचे अहवाल एकत्र करून दाखविले की, सारख्या वयाच्या माणसांची तुलना केली तर येथे हा रोग मुळीच दुर्मीळ नाही. दुर्मीळ होते ते म्हातारपण!

हा मुद्दा नीट ध्यानात घेतला पाहिजे. कर्करोग हा मुख्यत्वे पन्नाशीच्या पुढचा रोग. १९४१ ते १९५१ या दशकात आपल्या देशातील माणसाचे सरासरी आयुष्य सुमारे ३२ वर्षांचे होते; आज ते सत्तरीच्या आसपास आहे. ज्याला प्लेगने, हिवतापाने किंवा क्षयाने तिशीत नेले, त्याला साठाव्या वर्षीचा कर्करोग होणार कोठून? आणि ज्याला झाला, त्याच्या पोटातल्या गाठीला खेड्यात कोणते नाव मिळत होते? 'गोळा उठला' किंवा 'जलोदर झाला' म्हणून तो गेला, आणि पाटलाच्या वहीत तेवढीच नोंद राहिली. तेव्हा आमच्या वडिलांचे म्हणणे खोटे नव्हे, पण ते अपुरे आहे. रोग होता, तो होण्याइतके जगणारे थोडे होते, आणि ओळखणारे त्याहून थोडे.

ओळखण्याची सोय मुंबईत झाली. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. पुढल्याच वर्षी त्यांचे पती सर दोराबजी निवर्तले. त्यांच्या विश्वस्त निधीतून परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय उभे राहिले आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी त्याचे उद्घाटन झाले. तेथील प्रयोगशाळांची सूत्रे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आली. पुढे १९६० ते १९६३ या काळात मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झालेले खानोलकर ते हेच. सूक्ष्मदर्शकाखाली गाठीचा तुकडा पाहणारे विकृतिशास्त्रज्ञ त्या काळीही होते. खानोलकरांचे वैशिष्ट्य असे की, गाठ कोठे आली एवढ्यावर न थांबता त्या जागेशी माणूस रोज काय करतो, हे त्यांनी विचारले.

१९४५ साली सूर्याबाई या सहकारिणीसह त्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. रूढींमुळे होणारे तीन नवे कर्करोग त्यात मांडले होते. कमरेला धोतर वर्षानुवर्षे एकाच जागी करकचून आवळल्याने, घाम व घर्षण यांनी तेथली कातडी काळवंडते, जाड होते, कधी फुटते, आणि काही जणांत तेथेच कर्करोग उद्भवतो. आंध्र किनाऱ्यावर पेटलेला चुट्टा उलटा, म्हणजे निखाऱ्याचे टोक तोंडात धरून ओढण्याची चाल आहे, विशेषतः बायकांत; तेथे टाळूचा कर्करोग आढळतो, जो इतरत्र विरळा. आणि चुना मळलेली खैनी खालच्या ओठाआड धरणाऱ्यांना तो नेमका तेथेच होतो. काश्मिरात थंडीत पोटाशी निखाऱ्याची कांगडी बाळगणाऱ्यांच्या पोटाच्या व मांड्यांच्या कातडीवर होणारा कर्करोग त्याआधीच ठाऊक होता. कोणास वाटेल, या जुन्या गोष्टी झाल्या. परंतु २०२४ साली वर्धा व बिहार येथील डॉक्टरांनी परकराच्या नाडीखाली, त्याच कमरेच्या पट्ट्यावर, कर्करोग झालेल्या दोन वृद्ध स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली आहे. नाडी सैल बांधावी, किंवा रुंद पट्टा वापरावा, एवढाच त्यावरचा साधा उपाय.

'पर्यावरण' म्हटले की आपली नजर एकदम गिरणीच्या धुराड्याकडे जाते. खानोलकरांनी दाखविले ते असे की, माणसाचे पर्यावरण त्याच्या स्वतःच्या कातडीपासून सुरू होते : काय नेसतो, काय चघळतो, काय पोटाशी धरतो. तंबाखू हे त्यातले सर्वांत मोठे प्रकरण. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. फली मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातील १,०१,७६१ खेडुतांची तोंडे तपासून १९७२ साली आपला अहवाल छापला. लाखभर तोंडे उघडून पाहणे म्हणजे काय खटाटोप आहे, हे वर्गातल्या साठ मुलांचे दात तपासताना डॉक्टरांची उडणारी तारांबळ ज्याने पाहिली आहे त्यालाच कळेल.

एवढ्याने रोग किती पसरला आहे हे मात्र कळत नाही. रुग्णालयात येतात तेवढेच रुग्ण रुग्णालयाला दिसतात. अमुक लोकवस्तीत वर्षाला किती नवे रोगी झाले, हे समजण्यासाठी शहरच्या शहर धुंडाळावे लागते. ते काम डॉ. जुस्सावाला यांच्या पुढाकाराने भारतीय कर्करोग संस्थेने हाती घेतले आणि १९६३ साली मुंबईत देशातली पहिली लोकवस्तीची कर्करोग नोंदवही सुरू झाली. तिचे कारकून लहानमोठ्या रुग्णालयांत, खासगी दवाखान्यांत, प्रयोगशाळांत आणि महापालिकेच्या मृत्यूनोंदीत जाऊन एकेक नाव टिपत. एकच रोगी दोन ठिकाणी गेला असेल तर दोनदा मोजला जाऊ नये, बाहेरगावाहून केवळ उपचारासाठी आलेला शहराच्या खात्यावर पडू नये, अशी सारी दक्षता त्यात आहे.

या वहीतून एक विलक्षण गोष्ट उजेडात आली. मुंबईच्या निरनिराळ्या धर्मसमाजांचे रकाने वेगळे मांडले (त्यांत आम्हां ख्रिस्ती लोकांचाही एक होता), तेव्हा दिसले की, पारशी स्त्रियांत स्तनाचा कर्करोग इतर समाजांपेक्षा पुष्कळ अधिक, तर गर्भाशयमुखाचा हिंदू स्त्रियांपेक्षा पुष्कळ कमी. तोंडाचा व घशाचाही पारशांत कमी. शहर एक, हवा तीच, तलावाचे पाणी तेच. तरी रोगाचा नकाशा भिन्न. लग्नाचे वय, मुलांची संख्या, तंबाखूची सवय आणि काही प्रमाणात रक्ताचा वारसा, यांचे हे फरक होत.

पुढे १९८२ पासून राष्ट्रीय नोंदवह्यांची योजना मुंबई, बंगळूर व मद्रास या शहरांत चालू झाली. परंतु आपला देश शहरांत थोडाच आहे? १९८७ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे ग्रामीण नोंदवही उघडली. बार्शी, परांडा व भूम या तालुक्यांतील खेडी तिच्याखाली आली. येथे रुग्णालयात बसून रोगी मिळणार नव्हते. म्हणून कार्यकर्ते गावोगाव गेले, पाराशी बसले, लक्षणे समजावून सांगितली, कोणाला अंगावरून जाते, कोणाला गिळवत नाही, याची विचारपूस केली. स्त्रियांत गर्भाशयमुखाचा रोग सर्वांत अधिक निघाला. आणि मग असे घडले की, केवळ या येण्याजाण्याने व बोलण्याने बायका पूर्वीपेक्षा लवकर, रोग आवाक्यात असताना, तपासणीला येऊ लागल्या. डॉ. नेने, डॉ. कस्तुरी जयंत आदींनी १९९५ साली हे आकड्यांनिशी मांडले. त्याच भागात, उस्मानाबाद जिल्ह्यात (आताच्या धाराशिवात), सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांवर एक मोठी चाचणी झाली. २००९ साली तिचा निष्कर्ष असा आला की, या रोगाला कारण होणाऱ्या एचपीव्ही विषाणूची तपासणी आयुष्यात एकदाच केली तरी त्याने होणारे मृत्यू निम्म्यावर येतात. साऱ्या जगाने हा निष्कर्ष उचलला. मराठवाड्यातील शेतमजूर बायांनी दिलेली ही देणगी आमच्या पाठ्यपुस्तकांत मात्र मला अद्याप आढळली नाही.

आता मोजदादीचे फळ पाहा. २०१२ ते २०१६ या वर्षांच्या नोंदींत, वयाचा फरक काढून टाकून, दर लाख पुरुषांमागे वर्षाला नवे रोगी उस्मानाबाद व बीड भागात ३९.५, तर मिझोरामातील ऐझॉल जिल्ह्यात २६९.४. एकाच देशात जवळजवळ सातपट अंतर! निदानाच्या सोयी कमीअधिक असतात, म्हणून त्यातला काही भाग सोडून देऊ. तरीही ऐझॉलकडील तंबाखूचे अमाप सेवन विसरता येत नाही. देशभर मिळून वर्षाला १४ लाखांहून अधिक नवे रोगी होतात आणि चौऱ्याहत्तर वर्षे वयापर्यंत सुमारे नवांतल्या एकाला हा रोग गाठतो, असा २०२० नंतरचा अंदाज आहे. नवांतला एक म्हणजे प्रत्येक मोठ्या कुटुंबातला एक.

मग गिरण्यांचे काय? आमच्या वस्तीचा खरा प्रश्न तोच आहे, आणि तंबाखूकडे बोट दाखवून तो टाळता येणार नाही. धंद्यामुळे कर्करोग होतो हे प्रथम १७७५ साली लंडनच्या पर्सिव्हल पॉट या शल्यवैद्याने धुराडी साफ करणाऱ्या पोरांच्या बाबतीत सांगितले. दोष काजळीचा होता. १९१५ साली जपानात यामागिवा व इचिकावा यांनी सशाच्या कानाला महिनोन्महिने डांबर चोळून तेथे कर्करोग उत्पन्न करून दाखविला. परंतु सुरतेला अधिक जवळची गोष्ट १८९५ सालची आहे. जर्मनीत लुडविग रेन या शल्यवैद्याला कृत्रिम रंगाच्या एकाच कारखान्यातील मूठभर कामगारांपैकी तिघाचौघांत मूत्राशयाचा कर्करोग आढळला. पुढे दोषी पदार्थ निश्चित झाले; त्यांतला एक बेन्झिडीन.

उधना आणि सचीन यांच्या मधले आमचे भेस्तान स्टेशन, शेजारी पांडेसऱ्याची वसाहत, आणि सभोवार रंगाई-छपाईच्या गिरण्या. खानदेशातून ताप्तीच्या काठाकाठाने येणाऱ्या आगगाडीने आमची माणसे दोन-तीन पिढ्या येथे उतरत आली आहेत. प्रत्येक रंग विषारी असतो असे मुळीच नाही. परंतु बेन्झिडीनपासून बनविलेले रंग शरीरात गेल्यावर पुन्हा फुटून बेन्झिडीन मोकळे करतात. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसाय आरोग्य संस्थेच्या व परदेशी शास्त्रज्ञांच्या १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, असे रंग हाताळणाऱ्या तेथील कामगारांच्या लघवीतून आलेल्या मूत्रमार्गाच्या पेशींत त्याच्या खुणा प्रत्यक्ष सापडल्या. त्याआधीच, १९९३ पासून, या रंगांवर आपल्या देशात बंदी अमलात आली होती. १९९७ साली आणखी काही ॲझो रंगांवर आली.

यावर एक आक्षेप नेहमी निघतो. डॉल व पेटो या इंग्रज शास्त्रज्ञांनी १९८१ साली अमेरिकेचा हिशेब मांडला, त्यात कर्करोगाच्या शंभर मृत्यूंपैकी तंबाखूकडे तीस, आहाराकडे अंदाजे पस्तीस, धंद्याकडे चार आणि प्रदूषणाकडे अवघे दोन आले. म्हणजे धुराड्याचा बाऊ कशाला? हिशेब बरोबर आहे, वाचणारा चुकतो. ते चार मृत्यू साऱ्या राष्ट्रावर सारखे वाटलेले नाहीत. कचेरीतल्या माणसाच्या वाट्याला त्यांतला एकही येत नाही. सगळे येतात ते खात्यात उभे राहणाऱ्या थोड्यांच्या वाट्याला. शिवाय बाहेरची दूषित हवाही फुप्फुसाच्या कर्करोगाला कारण होते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१३ साली जाहीर केले आहे.

बेन्झिडीनचा रोग लगेच होत नाही. रंगाशी गाठ पडल्यापासून मूत्राशयाचा कर्करोग प्रकट व्हायला साधारण वीस वर्षे जातात. विशीत रंगखात्यात लागलेला मुलगा चाळिशीत अंगाने थकतो, काम सोडतो, अमळनेर किंवा शिरपूरकडे आपल्या गावी परततो. आणि लघवीवाटे रक्त जाऊ लागते ते तेथे. त्या जिल्ह्यात नोंदवही नसेल तर तो कोठेच मोजला जात नाही. २०२० च्या अहवालापर्यंत या वह्यांखाली देशाची सुमारे दहावा हिस्सा लोकवस्तीच आली होती. तो परळला गेला, तर तेथे उपचार मिळतील. पण मुंबईचा रहिवासी नव्हे म्हणून मुंबईच्या वहीत त्याचे नाव चढणार नाही. सुरत सोडलेली, म्हणून सुरतेच्या खात्यावरही तो नाही. आजारपणाच्या कागदावर 'व्यवसाय' म्हणून एक ओळ असते. तिच्यावर आमची माणसे 'मजुरी' एवढेच सांगतात, किंवा आता शेती करतो म्हणून 'शेती'. लिहिणाराही घाईत असतो. त्या ओळीवर 'रंगखाते, सुरत', किती वर्षे आणि कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत, एवढे शब्द हट्टाने लिहवून घ्यावेत. लिहिता न येणाऱ्यांसाठी हे शब्द एका चिठ्ठीवर आधीच उतरवून देण्याचे काम शाळेतली वरच्या वर्गाची मुले सहज करू शकतील.