बिसिनोसिस : सोमवारी छाती आवळणारा रोग

कापसाच्या धुळीमुळे गिरणी कामगारांना होणारा श्वसनविकार म्हणजे बिसिनोसिस. धूळ अधिक असलेल्या कार्डिंग खात्यात त्याचा धोका मोठा. साप्ताहिक सुटीनंतर कामावर येताच छाती आवळते. पुढील दिवसांत त्रास ओसरतो. हे कामगार स्वानुभवाने जाणत होतेच. इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्यांत १९५०च्या दशकात डॉ. रिचर्ड शिलिंग यांनी सोमवारच्या त्रासाविषयी विचारूनच रोगाच्या पायऱ्या ठरविल्या. क्ष-किरण चित्रात या रोगाची खास खूण उमटत नाही, त्यामुळे निव्वळ त्यावर विसंबून कामगारास निरोगी ठरविणे अन्यायाचे. पाळीपूर्वी व पाळीनंतर श्वसनक्षमता मोजल्यास तक्रारीला आकड्यांचा आधार मिळतो. मात्र विलंब नको. रोग बळावल्यावर त्रास रोजचाच होतो आणि तो धूम्रपानजन्य विकारापासून वेगळा ओळखणे कठीण होते.